जवसाच्या चटणीचा खुलासा मिळणेबाबत

हुडको, भिलाई
११ फेब्रुवारी

चि. लहानूस,

मोठ्या भावाचा आशीर्वाद. सात वर्षांचा साठलेला एकदमच पाठवून राहिलो, जपून उतरवून घे. इकडं आम्ही सगळे खुशाल. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायचा रिवाज आहे म्हणून विचारतो, नाही त तुझा डावा गुडघा थंडीत दुखते आणि सुनितानं तुले मेथीचे लाडू वळून दिले, हे मले माहीतच आहे. ते मले कसं माहीत झालं, हेच त डोक्यात बसून नाही राहिलं, आणि त्याच्याचसाठी हे पत्र आहे.

पहिले एक गोष्ट साफ करतो. हे समेटाचं पत्र नाही. खुलासा मागायचं पत्र आहे, आपल्या स्टील प्लांटमधी मेमो देत होते तसं. त्याच्यासाठीच पोस्टानं पाठवून राहिलो. हुडकोहून तुझं जामुल अर्ध्या तासाचा रस्ता आहे, पोस्टाले चार दिवस लागतात, पण पोस्टाची एक इज्जत असते. आणि दुसरी गोष्ट, भूमिकाच्या लग्नाचा ह्या पत्राशी काहीच संबंध नाही. (लग्न चोवीस एप्रिलले आहे. पोरगा राजनांदगावचा, कमलेश नाव, बँकेत आहे, खाली मान घालून जेवते. पोरगी म्हणते, काकाचं नाव पत्रिकेत नाही आणि काका मांडवात नाही, त मी पत्रिकाच छापू देत नाही. महिना झाला, पत्रिका अडली आहे. प्रिंटरवाला रोज सकाळी फोन करते, "अंकल, क्या हुआ?" पण ते आमचं आम्ही पाहून घेऊ. तू काळजी करू नको. पोरगी तीन दिवसांपासून माझ्याशी बोलून नाही राहिली, तेही आम्ही पाहून घेऊ.)

आता मुद्द्यावर येतो. आमच्या वरच्या खोलीत नोव्हेंबरपासून एक भाडेकरू आहे. नाव मारेक, गाव पोलंड. (पोलंड हे गाव नाही, देश आहे, हे मले माहीत आहे. पण तुझी वहिनी सगळ्यांले "त्याचं गाव पोलंड" असंच सांगते, आता मलेही सवय झाली.) तुमच्या जामुलच्या एका कारखान्यात विलायती मशीन बसवून राहिले, ती बसवायले तो वर्षभरासाठी आला, येतानाच थोडी हिंदी बोलायले-वाचायले शिकून आला. उंच इतका की आमच्या जिन्याच्या छताले रोज एकदा डोकं लागते, आणि रोज तो छताले "सॉरी" म्हणते. पहिल्या दिवशी मी मोठ्या ऐटीत त्याले रशियनमधी नमस्कार केला. आपल्या वेळचे जुने फोरमन प्लांट उभारायले आलेल्या रशियन साहेबांकडून शिकले होते, मी त्यांच्याकडून शिकलो होतो, चाळीस वर्षं जपून ठेवला होता तो नमस्कार. त्याचं तोंडच उतरलं. मंग समजलं की त्यांचं रशियाशी जुनं वाकडं आहे, पोलंडच्या माणसाले रशियनमधी नमस्कार करायचा नसते. इथूनच माझा गोंधळ चालू झाला.

त्याच्यापाशी एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. आपल्या इथं जे जे दिसते ते तो त्याच्यात लिहिते, आणि रविवारी सकाळी खाली येऊन मले विचारते, की हे असं कावून? मी बासष्ट वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं प्लांटच्या इन्स्पेक्शनमधी काढले, मले वाटलं विचार बापा, काय विचारायचं ते. पहिल्याच रविवारी त्यानं काचेच्या कपाटाकडं बोट दाखवलं. म्हणते, ह्या घरात बारा कप कपाटात राहतात आणि माणसं स्टीलच्या गिलासात चहा पितात, त कप कोणासाठी? म्हणलं, पाहुण्यांसाठी. म्हणते, मी पाहुणा आहे, मले गिलासात भेटला. म्हणलं, तू आता घरचा झाला. म्हणते, कधीपासून? (दुसऱ्याच दिवसापासून, पण हे त्याले कसं सांगायचं?) मंग म्हणते, बाकीचे पाहुणे? ते बी घरचेच. मंग कप? मी तुझ्या वहिनीले हाक मारली. ती आतूनच म्हणाली, "मोठे पाहुणे आले त काढू." एकतीस वर्षांत आमच्या घरी एकही पाहुणा पुरेसा मोठा निघाला नाही, हे मले त्या दिवशी समजलं. वहीत त्यानं काय लिहिलं ते मी पाहिलं नाही, पण बराच वेळ लिहून राहिला होता.

मंग माझ्या बुटांवर आला. चार वर्षं झाले मी रिटायर होऊन, पण पहिल्या शिफ्टच्या वेळेले डोळा उघडतेच, दाढी होतेच, आणि सेफ्टी शूज पायात जातातच. ते घालून मी मांगच्या अंगणातल्या मिरच्यांले पाणी देतो. तो गॅलरीतून पाहत होता. खाली आला, मिरचीचं झाड चारी बाजूनं पाहिलं, आणि मोठ्या अदबीनं विचारते, "सर, इसमें खतरा क्या है?" दुसऱ्या दिवशी मी चप्पल घालून पाणी द्यायले गेलो त दोन मिनटात परत आलो. बिना बुटाचं मले पाणीच देता येऊन नाही राहिलं. पहिले आयुष्य कसं सरळ चाललं होतं लहानू! आता पाय उचलला की अंगातला एक माणूस विचारते, हे असं कावून?

त्याचीही फजिती काही कमी नाही म्हणा. जानेवारीत मी मफलर आणि दोन स्वेटर घालून बसलो होतो, आणि हा हाफपँटवर गच्चीत उन्हात झोपला. शेजारच्या तिघी जणींनी येऊन तुझ्या वहिनीले विचारलं की बिचाऱ्यापाशी कपडे नाहीत का. सांजच्याले तिघींकडून मिळून चार जुने स्वेटर आले, एकही त्याच्या कोपराच्या खाली गेला नाही. एकदा तो पायीच पलीकडच्या जुनवानी गावाले निघाला. त्याले चालायचं होतं, बस. रस्त्यात सात जणांनी गाडी थांबवली, "बैठो, छोड़ देते हैं." तो म्हणे, नाही, मले चालायचं आहे. कोणालेच पटलं नाही. सातवा एक म्हातारा होता, त्याले त इतकी दया आली की तो स्कूटर बंद करून, ढकलत ढकलत ह्याच्या संग जुनवानीपर्यंत पायी गेला. वहीतलं त्यानं मले वाचून दाखवलं, "मला चालायचं होतं. आता त्या माणसाच्या छातीत दुखलं तर जबाबदार कोण?"

हे सगळं मी तुले कावून सांगून राहिलो? हां, डबा.

आल्या आल्या तुझ्या वहिनीनं त्याले डब्यात उपमा दिला. त्यानं डबा खाली आणून दिला, धुऊन, पुसून, रिकामा. वहिनीचं तोंड पाहण्यासारखं झालं. मी त्याले बाजूले घेऊन समजावलं, बापा, आपल्याकडं कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, काहीतरी घालून द्यायचं असते, नसलं काही त चिमूटभर साखर. त्यानं वहीत लाल शाईनं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी डबा चॉकलेट घालून आला. आता भरून आलेला डबा वहिनी रिकामा कसा पाठवणार? तिनं चिवडा पाठवला. त्यानं उकडलेली अंडी पाठवली. तिनं शंकरपाळे पाठवले. त्यानं बाजारातून आणून सहा संत्री. तीन आठवडे आमच्या जिन्यावर हेच चालू होतं. शेवटी तो दमून माझ्यापाशी आला, म्हणते, सर, हे बंद कसं होते? म्हणलं, बंद होत नसते. म्हणते, पण दोघांतल्या कोणीतरी एकानं थांबवलंच पायजे ना? म्हणलं, तेच त, कोणी थांबवायचं? तो इंजिनीअर माणूस, लय वेळ कागदावर बाण काढत बसला होता.

मंग डिसेंबरपासून तुझ्या वहिनीनं त्याले दुपारच्या जेवणाचा डबा देणं चालू केलं. घरात चार नवे डबे असून हिनं माळ्यावरून जुना, दोन पुडाचा स्टीलचा डबा काढला. मी विचारलं, हा कावून? म्हणे, याचं झाकण पक्कं बसते. मी विश्वास ठेवला. मी सगळ्या गोष्टींवर विश्वास ठेवतो, हीच माझी अडचण आहे.

आठ दिवसांनी सांजचा डबा परत आला त्याच्यात जवसाची चटणी. मारेकले विचारलं, कोठून आणली? "फॅक्टरी," म्हणते. मले वाटलं कॅन्टीनची असेल. खाऊन पाहिली त राजा, अशी चटणी! मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. तुझी वहिनी खाली पाहून वाढत होती, तिले मधीच खोकला आला. मंग कधी चटणी, कधी आंबाडीची भाजी, एक दिवस मेथीचा लाडू. (मारेक म्हणाला, ज्यानं पाठवला त्याच्या डाव्या गुडघ्यासाठी बनवले आहेत. मले वाटलं, कॅन्टीनवाल्याचा गुडघा असेल. आता मले सांग, गुडघेदुखीचे लाडू कोणतं कॅन्टीन वाटते? पण मी खाल्ला.) दीड महिना मी खाऊन राहिलो होतो. सकाळी बगिच्यात फिरायले जातो तिथं रिटायर मंडळींले मी तोंड भरून सांगितलं की प्रायव्हेट कंपन्यांचं कॅन्टीन आपल्या प्लांटच्या तोंडात मारते. दोघं जण त नातवाच्या नोकरीसाठी कारखान्याचा पत्ता घेऊन गेले.

मागच्या सोमवारी जेवता जेवता दाताले काहीतरी लागलं. काढून पाहिलं त लसणाची साल.

लहानू, जवसाच्या चटणीत लसूण सालीसकट कुटणारी एकच बाई ह्या जगात होती, आपली माय. साल सोलायले तिले कधी वेळच नव्हता. तुझी वहिनी तशी करत नाही, साल दाताले लागते म्हणते. माय शेवटचे पाच वर्षं तुझ्याकडं होती, तिच्या हाताखाली सुनिताच शिकली असेल. मी ताटावरून उठलो. मले खोटं बोलता येत नाही, माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं, आणि मी तिखट लागलं म्हणून सांगितलं. (मारेकनं लगेच मोठ्यानं म्हणत वहीत लिहिलं, "आज सरांना तिखट लागलं, पहिल्यांदाच.") मंग डबा उलटा केला. बुडाशी ठिपक्या ठिपक्यांनी नाव, सौ. ठकूबाई. बापानं तुमसरच्या बाजारातून सारखे दोन डबे आणले होते, मायनं दोन्हीवर नाव टाकून घेतलं आणि एक तुले, एक मले दिला. मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.

मारेकले समोर बसवलं. तो बिचारा खोटं बोलत नाही, फक्त जेवढं विचारलं तेवढंच सांगते. म्हणते, सुपरवायझरजी पहिल्या दिवशी माझा डबा पाहून जवळ आले, उलटा करून पाहिला, नावावरून हात फिरवला. मंग विचारलं, कोणाच्या घरी राहतो? मंग स्वतःचा डबा आणून बाजूले ठेवला, त्याच्यावर तेच नाव. मारेकले वाटलं सौ. ठकूबाई ही भिलाईतली डब्यांची कंपनी आहे. तेव्हापासून म्हणे रोज अर्धं तुमचं सुपरवायझरजी खातात, अर्धं त्यांचं तुम्ही खाता. मी म्हणलं, मंग मले कावून सांगितलं नाही? म्हणते, "सर, आपने तो कैन्टीन की इतनी तारीफ की!"

तेव्हा खुलासा हवा आहे तो असा. सिमेंट कारखान्यातून रिटायर होऊन तू ह्या कारखान्यात सुपरवायझर झाला, हे मले एका पोलंडच्या माणसाकडून समजावं, हे बरं दिसते काय? माझ्या घरची वांग्याची भाजी तू दीड महिना कोणत्या अधिकारानं खाल्ली? आणि ह्या सगळ्याचं कारस्थान कोणाचं? तुझ्या वहिनीले विचारलं त ती भांडे घासायले गेली, जे आधीच घासून झाले होते. शेवटी भूमिकानं आईचा फोन माझ्या हातात दिला. सुनिताचा नंबर तुझ्या वहिनीनं "गॅस सिलेंडर" ह्या नावानं ठेवला आहे. सात वर्षं दर गुरुवारी गॅस सिलेंडरचा फोन येते, आणि ही अर्धा अर्धा तास बोलते. मी सगळ्या हुडकोत सांगत होतो, आमची गॅस एजन्सी लय चांगली आहे, स्वतः फोन करून विचारपूस करतात.

मंग रविवार आला, आणि मारेक वही घेऊन आला. त्याचा एकच प्रश्न होता. दोन भाऊ, अर्ध्या तासाचा रस्ता, एक आई, एक डबा, मंग बोलत कावून नाहीत? म्हणलं, बस, सांगतो. आणि सांगायले लागलो की तुझ्या पोराच्या, मोहितच्या लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव चुकीच्या जागी छापलं. म्हणते, तुमचं नाव चुकलं होतं? नाही, नाव बरोबर होतं. मंग? म्हणलं, पत्रिकेत जागा असतात बापा. "विनीत"मधी घरचे कर्ते, "स्नेहाभिलाषी"मधी नातलग, आणि सगळ्यात खाली बारक्या पोट्ट्यांची एक बोबडी ओळ असते. तिथं छापलं होतं, "आमच्या मोहितमामाच्या लग्नाला नक्की यायचं हं! गोलू, खुशबू, शालिकराम." गोलू तेव्हा पाच वर्षांचा, खुशबू तीन वर्षांची, तुझ्या पोरीचे लेकरं, आणि मी पंचावन्न वर्षांचा, चष्मेवाला, सीनियर इन्स्पेक्टर. मांडवात तुझा व्याही मले पाहून म्हणाला, "अच्छा, तुम्हीच का तिसरे?" सगळा मांडव हसला. मारेकनं विचारलं, ती ओळ लेकरं स्वतः लिहितात? नाही, त्यांले लिहिता नाही येत. मंग कोण लिहिते? प्रिंटर. मंग लेकरं बोलावतात असं कोणाले वाटते? कोणालेच नाही. त्यानं लिहिलेलं सगळं खोडलं आणि नवं पान उघडलं. मी इतका चिडलो, म्हणलं थांब, तुले पुरावाच दाखवतो. अलमारीतली थैली काढली, पत्रिका त्याच्या हातात दिली. त्यानं वाचली, पलटवली, आणि मले एक प्रश्न विचारला. तो प्रश्न इथं लिहायचा नाही. मी पाण्याची मोटर बंद करायची आहे म्हणून अंगणात निघून गेलो. मोटर चालू नव्हती.

बाकी इकडचं सगळं ठीक. लेखी खुलासा लवकर पाठव. सुनिताले आशीर्वाद (गॅस सिलेंडर म्हणून नाही, सुनिता म्हणून). मोहित आणि सूनबाईले आशीर्वाद, लहानांचे गालगुच्चे घे. थांबतो, हात दुखून राहिला.

तुझा मोठा भाऊ,
शालिकराम

ता. क. तो प्रश्न लिहितोच, नाही त मले जेवण नाही जाणार. पत्रिकेले चिकटून थैलीतून आणखी एक कागद निघाला होता, प्रूफ. मारेक इंजिनीअर, कोणताही कागद हाती आला की पहिले उजवा खालचा कोपरा पाहते, तपासणाऱ्याची सही कुठं आहे म्हणून. त्यानं विचारलं, "सर, यह साइन किसका है?" सही माझी आहे लहानू. "ओके. शा. लांजेवार." तू मांडवात सगळ्यांसमोर म्हणला होता, दादा, प्रूफ तुमीच पाहिलं होतं, आणि मी तुले खोटारडा म्हणून न जेवता निघून गेलो होतो. बी शिफ्टहून रात्री दमून आलो होतो त्या दिवशी, तारीख आणि मुहूर्त पाहिला आणि सही ठोकली. चौतीस वर्षांत प्लांटमधी एकही माल न पाहता पास केला नाही, आणि घरच्या लग्नाचा कागद केला. आणि हेही लिहितो, हे मले मागच्या रविवारी नाही समजलं. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात समजलं होतं. तो कागद थैलीत मीच लपवला. मंग इतके वर्षं सांगितलं कावून नाही? मारेकच्या सगळ्या प्रश्नांपैकी ह्याचंच उत्तर मले खरंच सापडून नाही राहिलं. लाज वाटून राहिली, एवढंच समजते.

ता. क. २. भूमिकाच्या पत्रिकेचं प्रूफ ह्याच्या संग आहे. "विनीत"मधी पहिलं नाव तुझं आहे, त्याच्याखाली माझं. बारक्यांची ओळ मी स्वतः लिहिली, "आमच्या भूमिकामावशीच्या लग्नाला नक्की यायचं हं! गोलू, खुशबू, शालिकराम, मारेक." ह्या वेळी प्रिंटरची चूक नाही. (मारेक म्हणाला, घरात सगळ्यात नवीन मीच आहे. गोलूले सांग, रागावू नको, मिशी फुटेपर्यंत ह्या ओळीत राहावंच लागते. मी साठीनंतरही आहे.) माझ्या नजरेवर आता माझाच भरोसा नाही. तू नीट वाच, सगळं, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात सही कर. प्रिंटरवाला शनिवारपर्यंत थांबतो म्हणाला आहे.

ता. क. ३. पोस्टाले चार दिवस लागतात, म्हणून पोस्टाची इज्जत बाजूले ठेवली आणि हे सगळं मारेकच्या डब्यात पोळ्यांच्या खाली ठेवलं आहे. तेलाचा डाग पडला असेल त वाचून घे. तुझ्या वहिनीनं बारा कप आज धुऊन पुसून बाहेर काढून ठेवले आहेत, कावून ते सांगून नाही राहिली. आणि मायचं भांडं रिकामं परत करायचं नसते, हे तुले मी सांगायची गरज नाही.